जोहार, रामराम, जयभीम : वाकलेल्या देहाचे वाचन

आमच्या महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला संभाषणकौशल्याचा एक विषय आहे. त्याच्या पाठ्यपुस्तकात ‘देहबोली’ नावाचे एक प्रकरण आहे आणि गेली सहा वर्षे ते मी शिकवतो. जपानी माणूस कमरेत वाकतो, इंग्रज हात मिळवतो, अरब गालाला गाल लावतो, न्यूझीलंडचा माओरी नाकाला नाक भिडवतो आणि भारतीय हात जोडतो, असे त्यात सांगितले आहे. शेजारी चित्रे आहेत. भारतीयाच्या चित्रात एक धोतर-टोपीवाला गृहस्थ आणि एक नऊवारीतली बाई मान किंचित झुकवून, एकमेकांकडे पाहत, हात जोडून उभी आहेत. दोघांच्याही पायांत वहाणा आहेत.

पहिली काही वर्षे मी हे प्रकरण जसेच्या तसे शिकवले. परीक्षेला त्यावर पाच गुणांची टीप येते, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, ह्यात आधी हात कोणी जोडले?” वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जाईपर्यंत तो प्रश्न माझ्याबरोबर चालत आला. कारण चित्रात न दाखवता येणारी गोष्ट त्या पोराने नेमकी पकडली होती. अभिवादन आधी कोणी करायचे, दुसऱ्याने ते परत करायचे की नाही, आणि केले नाही तर काय होते, या तीन प्रश्नांवाचून अभिवादनाचा अभ्यास म्हणजे निव्वळ कवायतीचे वर्णन. भारतीय हात जोडतो म्हणे. कोणता भारतीय? कोणापुढे? आणि समोरचा हात जोडतो का?

माझी आजी कधी हात जोडीत नसे. ती खाली बसत असे. मी एम.ए.ला असतानाची गोष्ट आहे. सुट्टीत गावी गेलो होतो. आजी दारातल्या बाजेवर बसून माझ्याशी बोलत होती. तेवढ्यात गावच्या पाटलांचा नातू वडिलांना कामाचा निरोप सांगायला आला. तो प्राथमिक शाळेत माझ्याच वर्गात होता. मुलगा चांगला. आजही त्याचे-माझे बरे आहे. तो दारात येताच आजी बाजेवरून उतरून भुईवर बसली. कोणी सांगितले नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. उलट तोच म्हणाला, “आजी, बसा की वर.” आजी हसली आणि भुईवरच राहिली. तो गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. आता कायदा आहे, घटना आहे, तू कशाला उतरलीस, वगैरे पुस्तकी बोललो. ती म्हणाली, “मला बी कळत न्हाई रं. खाली बसल्यावर कळतं, खाली बसले म्हनून.”

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ दुसऱ्यांदा वाचताना कळला. त्या वाचनाविषयी मला येथे लिहायचे आहे. आपल्या आत्मकथनांत देहाच्या हालचालींची जी नोंद आहे, वाकणे, बाजूला होणे, उतरणे, झाकून घेणे, ती आपल्या समीक्षेने वाचलेलीच नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी थोडे शास्त्राकडे पाहू, कारण हे सारे आपोआप घडले असे सांगणारे अजूनही भेटतात. आपस्तंब धर्मसूत्र हे इसवी सनापूर्वीचे. त्यात अभिवादनाच्या वेळी उजवा हात किती उंचीवर धरावा याचे माप दिले आहे. ब्राह्मणाने कानाच्या पातळीवर, क्षत्रियाने छातीच्या, वैश्याने कमरेच्या, आणि शूद्राने त्याहून खाली. म्हणजे माणसाच्या अंगावरच चार वर्णांची मोजपट्टी आखलेली! मनुस्मृतीचा दुसरा अध्याय याहून बारीक आहे. भेट झाल्यावर ब्राह्मणाला ‘कुशल’ विचारावे, क्षत्रियाला ‘अनामय’, वैश्याला ‘क्षेम’ आणि शूद्राला ‘आरोग्य’. शूद्राचे आरोग्य का विचारायचे, हे ज्याच्या अंगावर दुसऱ्याचे काम पडते त्याला समजावून सांगावे लागत नाही. बैलाचेही आपण तेवढेच विचारतो. आणि त्याच अध्यायात असे म्हटले आहे की दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांच्यात पिता ब्राह्मणच समजावा. क्षत्रियाची ही कथा, तर आमची काय? अतिशूद्राला भेटल्यावर काय विचारावे हे त्या यादीत नाहीच. त्याची भेटच व्हायची नाही, असे गृहीत आहे.

हा दहा वर्षांचा पोर आणि शंभर वर्षांचा म्हातारा गावगाड्यात जिवंत होता. माझ्या आजोबांना पाटलाच्या वाड्यातली पोरे ‘ए’ म्हणून हाक मारीत आणि आजोबा ‘जी’ म्हणून उत्तर देत. आमच्याकडच्या नावांना ‘या’ लागे. रामाचा राम्या, सखारामाचा सख्या. दाढी पांढरी झाली तरी तो ‘या’ काही गळत नसे. त्याच मापात ‘जोहार’ बसतो. महाराने वरच्या जातीच्या माणसाला करायचे अभिवादन ते जोहार. त्याने रामराम म्हणायचा नाही. रामराम ही बरोबरीच्या माणसांची देवघेव. रामरामाला रामराम परत येतो. जोहाराला जोहार परत येत नाही. हा एकतर्फीपणाच जोहाराचा खरा अर्थ आहे. शब्दकोशात त्या शब्दाची व्युत्पत्ती शोधणाऱ्यांनी शब्द पाहिला, पण त्याला कधीच न आलेले उत्तर पाहिले नाही.

आणि हे केवळ शिष्टाचाराचे प्रकरण नव्हते. जोहार वतनाशी बांधलेला होता. गावकीचे काम, बलुते, भाकरी ही ज्याच्या दारात मागायची त्याच्यापुढे देह कसा न्यायचा हा त्या कराराचाच भाग होता. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. वतन गेल्यावर जोहाराचा पोटाशी असलेला धागा तुटला. मात्र देहाला लागलेले वळण कायद्याच्या तारखेला सुटत नाही. माझी आजी बाजेवरून उतरली ते वतन जाऊन पन्नासावर वर्षे झाल्यानंतर.

आता ‘जिणं आमुचं’कडे वळतो. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यातला एक प्रसंग वाचकांना आठवत असेल. वीरगावच्या महार बाया वाटेने चालल्या आहेत. समोरून वरच्या जातीचा पुरुष येताना दिसला की त्यांनी वाट सोडून बाजूच्या झुडपांत उतरायचे, पदराने सारे अंग झाकून घ्यायचे आणि तो जवळून जाताना, महारणी तुमच्या पाया पडतात, अशा अर्थाचे बोलायचे. वाटेवर जेवढी माणसे भेटतील तेवढ्या वेळा. एखाद्या वेळी त्या घोळक्यात नवी नवरी असते. तिला रीत ठाऊक नसते, किंवा तिच्या ध्यानात येत नाही, आणि ती तशीच उभी राहते. मग तो माणूस रागाने लाल होऊन गावात जातो, ही कोणाची सून, हिला मालकापुढे वाकायचे कळत नाही का, असा जाब विचारतो, आणि सासू-सासऱ्यांसकट सारी वस्ती भीतीने त्याच्या पायांवर पडते.

या प्रसंगाचा उल्लेख आपल्याकडे अनेकांनी केला आहे. पण ‘दाहक अनुभव’ या एका शिक्क्याखाली त्याला गुंडाळून पुढे गेले आहेत. ‘दाहक’ हा शब्द आपल्या समीक्षेत इतका घासला गेला आहे की त्यावर आता कोणाचा हातही भाजत नाही. जरा थांबून पाहू.

त्या नवरीने काय केले? काहीच केले नाही. ती बोलली नाही, अंगावर गेली नाही, तिने शिवीही दिली नाही. ती सरळ उभी होती एवढाच तिचा गुन्हा. जिथे वाकणे हीच सक्तीची भाषा असते तिथे नुसते उभे राहणे हे भाषण ठरते. विद्रोहाच्या व्याख्या करताना आपण घोषणा, मोर्चा, कविता यांच्यापाशी सुरुवात करतो. या मुलीला विद्रोह करायचाच नव्हता, आणि तरीही व्यवस्थेने तिच्या पाठीच्या कण्यात तो वाचला. व्यवस्थेचे वाचन आपल्या समीक्षकांपेक्षा तीक्ष्ण होते, असे म्हणावे लागते.

दुसरे म्हणजे तो पुरुष. तो चिडतो, वाट बदलतो, गावात जातो, जाब विचारतो. घोळक्यातल्या बाकीच्या सगळ्या वाकल्या होत्या. एक वाकली नाही तर त्याचे काय बिघडले? पण त्याने मोजले होते. ज्याला आपल्या मोठेपणाची खात्री असते तो मोजत बसत नाही. त्याचे मोठेपण त्या मुलीच्या पाठीवर उभे होते. ती पाठ सरळ झाली आणि त्याचा तोल गेला. मालकाला नोकराची गरज असते हे आपण श्रमापुरते बोलतो. येथे तर श्रमाचा प्रश्नच नाही. बाई त्याच्यासाठी काही करीत नव्हती. त्याला फक्त तिचे वाकणे हवे होते.

आणि तिसरे, ज्याने मला सर्वांत अस्वस्थ केले. एका न वाकलेल्या पाठीची भरपाई साऱ्या वस्तीने वाकून केली. देणे एकीचे, वसुली सर्वांकडून. म्हणून पुढच्या वेळी तिला वाकायला शिकवायचे काम त्या मालकाला करावे लागत नाही. ते घरातलीच माणसे करतात, तिच्या आणि आपल्या जिवाच्या धास्तीने. बेबीताईंनी पुढे न कचरता लिहिले आहे की बाहेर गुलाम असलेल्या आमच्या माणसांनी घरात आपले गुलाम शोधले, ते म्हणजे सुना. या दोन गोष्टी पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. मला त्या एकच वाटतात. वाकणे शिकवणारी शाळा घरातच भरत होती. माझ्या आजीला खाली बसायला कोणी शिकवले, याचे उत्तर पाटलाच्या वाड्यात नाही. ते तिच्या सासूच्या चुलीपाशी आहे. म्हणूनच पाटलाच्या नातवाने ‘वर बसा’ म्हटले तरी तिला वर बसता येईना. ज्याने शिकवले नाही त्याला ते पुसता कसे येणार?

प्रस्थापित मराठी समीक्षा दलित आत्मकथनांकडे वळली तेव्हा तिची सारी चर्चा भाषेभोवती फिरली. ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, पाठोपाठ ‘आठवणींचे पक्षी’, ‘उपरा’, ‘तराळ-अंतराळ’, ‘अक्करमाशी’. बोली कशी आहे, शिव्या किती आहेत, हे साहित्य की समाजशास्त्र, असा तो ऊहापोह होता. तोंडातून काय बाहेर पडते एवढेच पाहिले. पाय कुठे ठेवले, मान किती खाली, वहाणा कुठे काढल्या, चहाचा कप कोणी कोणाच्या हातात दिला की खाली ठेवला, याची नोंद पानापानांवर असून ती ‘तपशील’ म्हणून सोडून दिली. आणि आमचे आम्हीही तेच केले, हे कबूल करायला हवे. आम्ही आशयाच्या बाजूने भांडलो, पण आशय म्हणजे विचार असेच समजलो.

पांढरपेशा साहित्यात वाकणे नाही असे नाही. मंगेश पाडगावकरांच्या ‘सलाम’ या कवितेने एक काळ गाजवला. त्या नावाच्या संग्रहाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. भेदरलेल्या सामान्य माणसाने सगळ्यांनाच सलाम ठोकत सुटावे, अशी ती उपहासाची कविता आहे. कविता प्रामाणिक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तिच्यातल्या ‘मी’ला सलाम ठोकताना आपण सलाम ठोकतो आहोत हे पक्के ठाऊक आहे. त्याची लाज त्याच्या जवळ शाबूत आहे आणि उपहास त्या लाजेतूनच येतो. माझ्या आजीला खाली बसल्यावर कळायचे. या दोन अवस्थांत फार मोठे अंतर आहे आणि ते अंतर म्हणजेच जात. मध्यमवर्गाच्या लाचारीला ‘आपणा सर्वांची लाचारी’ म्हणून वाचणाऱ्यांनी हे अंतर पुसून टाकले.

एकनाथांविषयीही बोलले पाहिजे. त्यांनी महाराच्या भूमिकेतून ‘जोहार’ लिहिले. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मणाने महाराच्या तोंडून बोलावे ही लहान गोष्ट नव्हे, आणि नाथांना त्यासाठी जे सोसावे लागले असेल त्याचा मान राखूनच मी हे म्हणतो. पण नाथांच्या रचनांत जोहार हा अध्यात्माचा अलंकार होतो. देवापुढे सारेच महार, असा त्याचा सूर. रचना संपली की नाथ जोहार खाली ठेवून घरी जाऊ शकत होते. चोखोबांनीही जोहार केला. त्यांना तो खाली ठेवायला जागा नव्हती. ते १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले आणि त्यांची समाधी विठ्ठलाच्या दाराबाहेर, पायरीपाशी आहे. एकच शब्द, पण कोणाच्या देहातून निघतो त्यावर त्याचा अर्थ बदलतो. दोघांचे जोहार शेजारी ठेवून ‘समरसता’ वाचणाऱ्यांना देह दिसत नाही, फक्त शब्द दिसतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असेही नाही. पाठ्यपुस्तकातला तो हात मिळवणारा इंग्रज घ्या. सतराव्या शतकात तिथेही वरिष्ठापुढे टोपी काढणे सक्तीचे होते. क्वेकर पंथाच्या लोकांनी ती काढायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंग भोगले. १६७० मध्ये विल्यम पेनला लंडनच्या न्यायालयात टोपीवरूनच दंड झाला. अमेरिकेत १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या काळ्या कार्यकर्तीला वकिलाने नुसते ‘मेरी’ म्हटले. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय ती उत्तर देईना. तिला तुरुंगात टाकले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.

पण वाङ्मयाच्या दृष्टीने मला महत्त्वाचा वाटतो तो रिचर्ड राइट. वंशभेदाच्या राज्यात जगण्याची रीत आपण कशी शिकलो यावर त्याने १९३७ मध्ये एक आत्मपर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी लिफ्टमधला प्रसंग आहे. गोऱ्यांबरोबर लिफ्टमध्ये काळ्याने टोपी काढायची असा शिरस्ता, पण त्याच्या दोन्ही हातांत गाठोडी. एका गोऱ्याने त्याची टोपी काढून गाठोड्यांवर ठेवली. आता काय करायचे? आभार मानावे तर गोऱ्याने आपली चाकरी केली असा अर्थ होतो, आणि तेवढ्यावरून तोंडावर फटका बसू शकतो. न मानावे तर ताबेदारीचे दात दाखवावे लागतात. राइटने गाठोडी घसरत असल्याचे सोंग केले आणि दोन्हींतून सुटका करून घेतली. वीरगावची नवरी आणि हा राइट यांच्यात फरक एवढाच की त्याला सोंग सुचले. आपल्या आत्मकथनांतही अशी सोंगे आहेत. खोकल्याची उबळ, चप्पल तुटल्याचा बहाणा, न ऐकल्यासारखे करणे. त्यांचा कोणी शोध घेतलेला नाही. उघड नकार आणि उघड शरणागती यांच्या मधला तो सारा चिंचोळा प्रदेश आपल्या समीक्षेच्या नकाशावर नाही.

आता जयभीम. हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. ते १९०४ मध्ये जन्मले, १९३७ मध्ये मध्यप्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १९३९ मध्ये, पस्तिशीतच गेले. जयभीममध्ये नेत्याचे नाव आहे, म्हणून त्यात व्यक्तिपूजा पाहणारे विद्वान आहेत. त्यांनी त्याची रचना पाहावी. जयभीमला उत्तर जयभीमच. मंत्री म्हणो, म्हातारी म्हणो, शाळेतले पोर म्हणो, परत येतो तो तोच शब्द. आधी कोणी म्हणायचे याला नियम नाही. आमच्या हजारो वर्षांच्या इतिहासात उत्तर येणारे अभिवादन आमच्या वाट्याला प्रथम आले ते हे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे कसे नेसावे आणि अंगावरचे जड दागिने का टाकावेत हे सांगितले होते, ते याच सूत्रात बसते. जात अंगावर लिहिलेली असते आणि ती अंगावरूनच पुसायला घ्यावी लागते.

बाहेरच्यांनाही हे कळते. म्हणून तर या दोन शब्दांचा राग येतो. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले म्हणून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. २०२१ चा ‘जय भीम’ हा तामिळ चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना त्याचा शेवट आठवेल. आदिवासी मुलगी वकिलाच्या समोर खुर्चीत बसते, वर्तमानपत्र उघडते आणि त्याच्यासारखाच पायावर पाय टाकते. साऱ्या खटल्याचा निकाल मला त्या एका पायात दिसला. २०२० च्या साथीत जगभर हात मिळवणे बंद झाले तेव्हा आपल्याकडे नमस्काराचा मोठा गौरव झाला, की पहा, आमच्या पूर्वजांनी स्पर्श टाळणारे अभिवादन शोधले होते. आमच्या वस्तीत ही वाक्ये ऐकून हसावे की काय करावे, समजत नव्हते.

पण येथे थांबलो तर मी सोयीचेच सांगितले असे होईल. जयभीम तोंडात आला म्हणून पाठ सरळ झाली का? आमच्या सभांत व्यासपीठावर नेता आला की कार्यकर्ते रांगेने त्याच्या पाया पडतात. तो पाठीवर थाप मारतो, स्वतः वाकत नाही. हा जोहारच आहे, फक्त निळ्या गमछ्यातला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये उपाली न्हाव्याची कथा मुद्दाम घेतली आहे. शाक्य राजपुत्रांनी बुद्धाला विनंती केली की आमच्या आधी आमच्या न्हाव्याला दीक्षा द्या. तो ज्येष्ठ ठरला म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. अभिवादनाच्या राजकारणावर यापेक्षा नेमके भाष्य मी वाचलेले नाही. पण ज्या चुल्लवग्गात ही कथा आहे त्यातच भिक्षुणींसाठीचा असाही नियम आहे की शंभर वर्षांच्या भिक्षुणीने आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूलाही वंदन करावे. वंदन ज्येष्ठतेप्रमाणे व्हावे अशी महाप्रजापतीने केलेली मागणी नाकारली गेली, तेही तिथेच नोंदले आहे. हे नियम नंतर घुसवलेले आहेत असे काही अभ्यासक म्हणतात. असतील. पण मनूचे शंभर वर्षे आणि हे शंभर वर्षे शेजारी ठेवून पाहायला आपण का कचरतो? आपल्या घरी नवी सून दारात उभी राहिली की पहिल्या दिवशी किती जणांच्या पाया पडते, आणि जावई किती जणांच्या, हे मोजायला कोणता पाली ग्रंथ लागत नाही.

आणि मी स्वतः. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या व्हरांड्यात दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांबरोबर उभा होतो. बोलणे चालले होते माझ्याच कायम होण्याविषयी. समोरून एक विद्यार्थी आला, तोच, मागच्या बाकावरचा, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “जयभीम सर!” मी म्हणालो, “हं, गुड मॉर्निंग.” माझी जात त्या दोघांना नव्याने कळायची होती असे नाही. आडनावावरून ती मी रुजू झालो त्याच दिवशी कळली होती. मग मी काय झाकले? दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा मला “नमस्कार सर” म्हणू लागला. त्याने जाब विचारला नाही की तोंड फिरवले नाही. फक्त शब्द बदलला. माझा नमस्कार मी त्याला रोज परत देतो, आणि रोज मला आजीची ती बाज आठवते. मलाही म्हणून झाल्यावरच कळले होते.

त्या घटनेनंतर मी पाठ्यपुस्तकातले ते प्रकरण वेगळ्या तऱ्हेने घेऊ लागलो. मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडून उत्तरे आणायला सांगतो. वाड्यावर गेल्यावर कुठे थांबत होता? बोलताना टोपी-पागोटे डोक्यावर की काखेत? वहाणा कुठे काढायच्या? पैसे हातात देत की वरून टाकत? वाटेत कोण कोणाला बाजू देई? ‘या’ शिवाय नाव कोणी प्रथम घेतले, आणि तेव्हा काय वाटले? मुले वह्या भरून आणतात. मराठा-माळ्यांची मुलेही आणतात, आणि त्यांच्या आज्या जे सांगतात ते ऐकून वर्गात कधी कधी फार शांतता पसरते. ही माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. शिक्षक-विद्यार्थी वाचकांनी आपापल्या तालुक्यात हे काम हाती घेतले तर आत्मकथनांतल्या त्या ‘तपशिलांना’ जोड मिळेल, आणि ‘जिणं आमुचं’मधली ती वाट एकट्या वीरगावची नव्हती हे नावागावानिशी दाखवता येईल. माझ्या आजीला मी यातले काहीच विचारले नाही. मी तिला घटनेची कलमे सांगत बसलो होतो.